दोन एसएसडी जोडायच्या की सुट्या ठेवायच्या?

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेलं पत्र. लिहिणारे गृहस्थ लग्नाचं शूटिंग करतात आणि एडिटिंग घरीच करतात. पीसी चार वर्षांचा, त्यात विंडोज ११ होम. विंडोज ५०० जीबीच्या एनव्हीएमई एसएसडीवर (चिपवर डेटा साठवणारी, मदरबोर्डवर बसणारी वेगवान डिस्क) आहे आणि तिच्यात जेमतेम २० जीबी जागा उरली आहे. जुनी सगळी लग्नं २ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर. दसऱ्याच्या सेलमध्ये त्यांनी एक-एक टीबीच्या दोन साटा (जुन्या, हळू जोडणीच्या) एसएसडी घेतल्या. अशा डिस्क जोडून एकत्र चालवण्याला रेड म्हणतात. इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, "मामा, रेड-० करू, स्पीड डबल." दुकानदार म्हणतो, "रेडमध्ये ट्रिम चालत नाही, सहा महिन्यांत दोन्ही बसतील." (ट्रिम म्हणजे मोकळ्या झालेल्या जागा एसएसडीला कळवण्याची सोय.) मेहुणे म्हणतात, रेड-१ करा, बॅकअपची कटकटच संपेल. फोरके टाइमलाइन अडकत चालते, तुळशीच्या लग्नानंतर कामाचा पूर येणार आहे आणि दोन्ही एसएसडी अजून खोक्यातच आहेत. पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे: "गेल्या वर्षी एका लग्नाचं हळदीचं फुटेज माझ्याच हातून डिलीट झालं, तेव्हापासून धास्ती बसली आहे."

नमस्कार.

खोकी अजून फोडली नाहीत हे फार बरं झालं. रेड करायचा म्हणजे दोन्ही डिस्क पुसून नव्याने सुरुवात करायची असते. एकदा काम त्यावर चढलं की मागे फिरायला तेवढीच मोकळी जागा दुसरीकडे लागते आणि ती तुमच्याकडे नाही. तेव्हा निर्णय आत्ताच घ्यायचा.

तुम्हाला सल्ला देणारे तिघे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. भाचा वेगाबद्दल बोलतोय, दुकानदार डिस्कच्या आयुष्याबद्दल आणि मेहुणे डेटाच्या सुरक्षिततेबद्दल. तुम्ही तिघांचं ऐकून "कोणता रेड?" असं विचारलंत. मी आधी विचारेन, रेड हवाच आहे का?

भाच्यापासून सुरुवात करू, कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. रेड-० मध्ये प्रत्येक फाइलचे तुकडे आलटून-पालटून दोन्ही डिस्कवर जातात. दोन्ही एकाच वेळी लिहितात-वाचतात, त्यामुळे मोठी फाइल सलग वाचताना वेग जवळपास दुप्पट होतो. साटाची एक एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडते, कारण साटाची मर्यादाच तेवढी आहे. दोन मिळून हजार-अकराशेपर्यंत जातात. बेंचमार्कच्या स्क्रीनवर हा आकडा फार देखणा दिसतो, आणि भाच्याला तोच दाखवायचा असणार.

आता तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा घ्या. लग्नाच्या शूटिंगला वापरतात ते बरेचसे मिररलेस कॅमेरे फोरके रेकॉर्डिंग सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास करतात. मेगाबिट, मेगाबाईट नव्हे. आठाने भागलं की सेकंदाला साडेबारा एमबी. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम लावलं तरी साडेसदतीस. एका साध्या साटा एसएसडीच्या क्षमतेचा हा दहावा हिस्सासुद्धा नाही. तुमची जुनी फिरती हार्ड डिस्कदेखील सलग वाचताना शंभराच्या वर देते. तीन फाइल एकदम मागितल्या की तिचं डोकं मागेपुढे धावतं आणि ती दमते, ते वेगळं. एसएसडीला तो त्रास नाही आणि त्यासाठी एकच एसएसडी पुरते.

मग टाइमलाइन अडकते कुठे? बहुतेक वेळा प्रोसेसरपाशी. कॅमेरा एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये फुटेज इतकं दाबून भरतो की एक फ्रेम दाखवायची तर आजूबाजूच्या फ्रेमचा हिशेब करून ती उलगडावी लागते. तेवढा वेळ डिस्क नुसती बसून असते. माझ्या शब्दावर जाऊ नका. जो तुकडा अडकतो तो प्ले करा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. डावीकडे सीपीयू, मेमरी, प्रत्येक डिस्क आणि जीपीयू अशी यादी दिसेल. अडकण्याच्या क्षणी सीपीयू ९५ च्या वर आणि फुटेजची डिस्क दहा-पंधरा टक्क्यांवर घुटमळत असेल, तर रेड-० ने काडीचाही फरक पडणार नाही. रात्री झोपताना प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवायला लावा, सकाळी त्यावर कट करा, एक्सपोर्टच्या वेळी मूळ फुटेज आपोआप जोडलं जाईल. उलट एखादी डिस्क १०० टक्क्यांवर दिसली, तर ती कोणती आहे ते नीट बघा. माझा अंदाज, ती सी ड्राइव्ह निघेल.

कारण ५०० पैकी २० जीबी उरलेली एसएसडी म्हणजे श्वास कोंडलेली एसएसडी. घरगुती एसएसडी आपल्या मोकळ्या जागेतला काही भाग जलद लिखाणासाठी वापरतात, कंपन्या त्याला एसएलसी कॅश म्हणतात. बऱ्याच मॉडेलमध्ये जागा संपत आली की ही कॅशही आक्रसते आणि लिहिण्याचा वेग धाडकन पडतो. त्याच डिस्कवर विंडोजची पेजफाइल (मेमरी अपुरी पडली की वापरायची फाइल), त्याच डिस्कवर एडिटिंग सॉफ्टवेअरची मीडिया कॅश, म्हणजे तात्पुरत्या फाइली, आणि प्रीव्ह्यू फाइली. या कॅशचं फोल्डर एकदा उघडून बघा. वर्षानुवर्षं लग्नं करणाऱ्यांच्या मशीनवर तिथे शंभर-दीडशे जीबी साचलेले मी पाहिले आहेत, आणि त्यातली निम्मी लग्नं कधीच डिलिव्हर झालेली असतात. सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन मीडिया कॅशची जागा नव्या एसएसडीवर हलवा, जुनी कॅश साफ करा, सी ड्राइव्हवर शंभरेक जीबी मोकळे करा. पीसी हलका झाल्याचं तुम्हाला त्याच दिवशी जाणवेल, आणि रेड अजून केलेलाच नसेल.

कार्डावरून कॉपी करण्याचं म्हणाल, तर तिथेही तेच. यूएचएस-१ प्रकारच्या एसडी कार्डाची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी. प्रत्यक्षात नव्वदच्या आसपास मिळतात. १२८ जीबीचं भरलेलं कार्ड उतरायला पंचवीसेक मिनिटं लागणारच, मग समोर एक एसएसडी असो की चार.

विंडोज चालू व्हायला किंवा सॉफ्टवेअर उघडायला लागणारा वेळही रेड-० ने फारसा कमी होत नाही. तिथे हजारो बारक्या फाइली एकामागून एक मागितल्या जातात, आणि प्रत्येक बारकी फाइल शेवटी एकाच डिस्कवरून येते. खरोखर वेग हवा असेल तर मदरबोर्डवर दुसरा एम.२ स्लॉट (एनव्हीएमई बसते ती खाच) मोकळा आहे का बघा. पीसीआयई ३.० ची एक चांगली एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत वाचते. दोन साटा एसएसडी जोडून जे मिळतं त्याच्या तिप्पट, आणि जोडाजोडीची कसली भानगड नाही. रॉ व्हिडिओवर काम करणाऱ्यांना, किंवा दोन वेगवान डिस्कमध्ये रोज शेकडो जीबी हलवणाऱ्यांना रेड-० चा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. लग्नाचं एच.२६५ फुटेज त्यात बसत नाही.

आणि या न मिळणाऱ्या वेगाची किंमत काय? प्रत्येक फाइलचा अर्धा भाग इकडे, अर्धा तिकडे. दोन्हींपैकी कुठलीही एक डिस्क गेली की दुसरीवर उरतात ते निरुपयोगी तुकडे. एक डिस्क बिघडण्याची जी शक्यता असते ती जवळपास दुप्पट होते, आणि बिघाड झाला की जातं ते सगळंच.

आता दुकानदाराकडे वळू. त्याच्या म्हणण्याला एक काळ आधार होता, म्हणून ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

एसएसडीतल्या नँड चिपची एक अडचण असते. लिहिणं छोट्या तुकड्यांत, म्हणजे पेजमध्ये होतं; पुसणं मात्र शेकडो पेजच्या अख्ख्या ब्लॉकचंच होतं, आणि पुसल्याशिवाय तिथे पुन्हा लिहिता येत नाही. पाटीवरची एकच ओळ पुसायची सोय नसावी, अख्खी पाटी धुवावी लागावी आणि त्याआधी कामाच्या ओळी दुसऱ्या पाटीवर उतरवून घ्याव्या लागाव्यात, तसला प्रकार. त्यात आणखी गंमत अशी की तुम्ही फाइल डिलीट केलीत तरी एसएसडीला त्याचा पत्ताच नसतो. विंडोज आपल्या नोंदीत ती जागा मोकळी दाखवतं आणि थांबतं. एसएसडीच्या दृष्टीने तो डेटा जिवंतच असतो, त्यामुळे साफसफाई करताना ती हा निकामी मालही इकडून तिकडे हलवत बसते. त्यात लिखाण वाढतं, वेग उतरतो, चिप थोडी जास्त झिजते. ट्रिम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने एसएसडीला दिलेला निरोप: या या जागा आता कामाच्या नाहीत, सवडीने पुसून ठेव.

२००९ मध्ये विंडोज ७ आलं तेव्हा ट्रिम त्यात होतं. पण रेड केला की विंडोज आणि एसएसडी यांच्या मध्ये रेडचा ड्रायव्हर बसतो, आणि त्या काळात हा ड्रायव्हर निरोप मध्येच गिळून टाकायचा. इंटेलने २०१२ मध्ये आपल्या ७-सिरीज चिपसेटच्या बोर्डांसाठी रेड-० मधून ट्रिम पुढे जाऊ दिलं. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये ते त्याच वर्षी डिसेंबरच्या ३.७ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आलं. दुकानदार जे सांगतोय ते त्याआधीचं ज्ञान आहे. धंद्यात एकदा ऐकलेली गोष्ट वीस वर्षं चालते, त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही.

सहा महिन्यांत डिस्क बसेल हे मात्र तेव्हाही खरं नव्हतं. ट्रिम मिळालं नाही म्हणून एसएसडी मरत नाही. लिखाण मंदावतं आणि झीज वाढते. प्रत्येक एसएसडीत कंपनीने थोडी जागा राखून ठेवलेली असते आणि कंट्रोलर, म्हणजे एसएसडीतली कारभारी चिप, आपल्या परीने सफाई करतच असतो. आयुष्याचा हिशेब तुम्ही स्वतः मांडून बघा. एका लग्नाचं ३०० जीबी धरा आणि वर्षाला पन्नास लग्नं धरा, म्हणजे १५ टीबी. कॅश, प्रॉक्सी आणि एक्सपोर्टचे तेवढेच आणखी, म्हणजे वर्षाला ३० टीबी. १ टीबीच्या बऱ्याचशा टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) एसएसडींवर कंपन्या ६०० टीबीच्या आसपास लिखाणाची हमी देतात. हा आकडा टीबीडब्ल्यू नावाने कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलसमोर सापडेल. भागाकार केला तर वीस वर्षं होतात. स्वस्तातली क्यूएलसी (चार बिटवाली) असेल तर आकडा बराच खाली, दोनशे-तीनशेपर्यंत येतो, तरी सात-दहा वर्षं कुठे गेली नाहीत. त्याआधी तुम्ही पीसीच बदललेला असेल. एसएसडी झिजून मरण्यापेक्षा कंट्रोलर किंवा फर्मवेअर (डिस्कच्या आतला प्रोग्राम) बिघडून एका दुपारी अचानक गप्प होण्याची भीती जास्त, आणि त्यावर ट्रिमचा इलाज नाही.

तरीही ट्रिम चालू आहे का ते तपासून घ्यावं, रेड असो वा नसो. स्टार्टमध्ये "डीफ्रॅग" एवढं इंग्रजीत टाइप केलंत की ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जची खिडकी उघडते. प्रत्येक ड्राइव्हसमोर मीडिया टाइपचा रकाना असतो. तिथे सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलेलं असेल तर विंडोज त्या ड्राइव्हला ट्रिमच पाठवतं. ऑप्टिमाइझ दाबलं की काही सेकंदांत काम होतं. रेड केलेल्या एसएसडी तिथे हार्ड डिस्क ड्राइव्ह म्हणून दिसत असतील तर गडबड आहे. विंडोज त्यांना फिरती डिस्क समजून डीफ्रॅग करेल, म्हणजे फायदा शून्य आणि फुकटचं लिखाण. अशा वेळी रेडचा ड्रायव्हर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून नवा घाला, आणि तोवर त्या ड्राइव्हचं ठरावीक वेळेचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. नेटवर एफएसयूटिल नावाची कमांड सांगतात, जिचं उत्तर शून्य आलं की ट्रिम चालू. ते उत्तर फक्त एवढंच सांगतं की विंडोज निरोप धाडायला तयार आहे. मधल्या ड्रायव्हरने तो पोहोचवला की नाही, हे त्यातून कळत नाही.

हाच प्रश्न यूएसबीच्या दोन-डिस्कवाल्या डब्यांचा. मागे छोटं बटण सरकवून रेड-० किंवा रेड-१ करता येतो असे डबे स्वस्तात मिळतात. त्यातली बरीचशी मॉडेलं ट्रिम पुढे पाठवत नाहीत. फिरत्या डिस्कसाठी ते ठीक, एसएसडीसाठी मी घेणार नाही. ट्रिम पोहोचत नसेल तिथे एक जुनी युक्ती अजून चालते: एसएसडी कोरी असतानाच दहा-पंधरा टक्के जागा पार्टिशनबाहेर सोडून द्यायची, म्हणजे कंट्रोलरला सफाईसाठी हक्काची जागा मिळते. आधी वापरलेल्या डिस्कवर नुसतं पार्टिशन लहान करून हा फायदा मिळत नाही, ती जागा आधी ट्रिम किंवा सिक्युअर इरेज झालेली लागते. सुट्या डिस्क आणि चालू ट्रिम असेल तर या उठाठेवीची गरज नाही. डिस्क काठोकाठ भरू नका म्हणजे झालं.

ट्रिम आणि रेड एकत्र आले की थर वाढतात आणि थरागणिक चुकायच्या जागाही वाढतात. २०१५ मध्ये अल्गोलिया या सर्च कंपनीच्या लिनक्स सर्व्हरवर फाइलींच्या मधोमध शून्यं उमटायला लागली. सॅमसंगच्या एसएसडी सॉफ्टवेअर रेडमध्ये होत्या, ट्रिम चालू होतं. संशय आधी एसएसडींवरच गेला. शेवटी सॅमसंगच्याच इंजिनिअरांना दोष सापडला तो लिनक्स कर्नलमध्ये: ट्रिमचा निरोप तुकडे करून वेगवेगळ्या डिस्कना वाटताना जागेचा घोळ होत होता आणि जिवंत डेटा पुसला जात होता. दोष तेव्हाच दुरुस्त झाला, आजच्या कर्नलला त्याची भीती नाही. पण पूर्णवेळ सर्व्हर सांभाळणाऱ्यांनाही कारण शोधायला काही आठवडे लागले. तुमच्याकडे तेव्हा ऐन लग्नसराई असेल.

आता मेहुण्यांचा मुद्दा, आणि तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य. माझ्या मते तुमचं खरं पत्र तेवढंच आहे.

रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर तीच प्रत असते. एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, एवढंच त्याचं काम आणि ते तो चोख करतो. पण गेल्या वर्षी तुमची डिस्क मेली नव्हती. फुटेज तुमच्या हातून डिलीट झालं. रेड-१ असता तर ते त्याच क्षणी दोन्ही डिस्कवरून गेलं असतं. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर दोन्ही प्रती एकदम कुलूपबंद होतात. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जळताना दोन्ही डिस्क सोबत नेऊ शकतो, कारण दोन्ही एकाच खोक्यात, एकाच वायरवर. आणि एकाच सेलमध्ये घेतलेल्या एकाच मॉडेलच्या दोन एसएसडी, ज्यांच्यावर तोच डेटा त्याच वेळी लिहिला गेला, त्या आगेमागेच बिघडणार नाहीत याची खात्री नाही. एचपी एंटरप्राइझने नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल इशारा दिला होता: फर्मवेअर बदललं नाही तर बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी डिस्क बंद पडेल आणि डेटा परत मिळणार नाही. ज्यांनी एकाच दिवशी डिस्क बसवून रेड केला होता त्यांच्या सगळ्या डिस्क एकाच तासाला गेल्या असत्या.

डिलीटच्या बाबतीत एसएसडी तुम्हाला हार्ड डिस्कपेक्षा जास्त महागात पडू शकते, आणि कारण तेच ट्रिम. कॅमेऱ्याच्या कार्डावरून उडालेले फोटो रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत आणलेले तुम्ही पाहिले असतील. जुन्या हार्ड डिस्कवरूनही पुष्कळदा निघतात. ट्रिम चालू असलेल्या एसएसडीवर फाइल रिसायकल बिनमधून गेली की विंडोज निरोप धाडतं आणि त्यानंतर तिथे वाचायला बहुधा काहीच मिळत नाही. लॅबवाल्याकडे नेलं तरी तो हात वर करतो. वेगासाठी ट्रिम हवंच, त्याच्याविना राहा असं मी म्हणत नाही. पण "चुकून उडालं तर काढता येईल" हा भरवसा मनातून काढून टाका.

म्हणून माझा सल्ला असा: दोन्ही एसएसडी सुट्याच ठेवा. पहिलीवर चालू सीझनचं काम, म्हणजे फुटेज आणि प्रोजेक्ट फाइली, साधारण ८०० जीबीपर्यंत. दुसरीवर मीडिया कॅशचं एक फोल्डर आणि बाकी सगळी जागा पहिलीच्या रोज रात्रीच्या प्रतीसाठी. ही प्रत रेड-१ सारखी तत्क्षणी होत नाही, आणि तीच तिची खुबी आहे. दुपारी चुकून उडालेलं रात्रीपर्यंत दुसरीकडे शाबूत असतं. यासाठी फ्रीफाइलसिंक हा प्रोग्राम पुरेसा आहे. त्यात मिरर नावाचा पर्याय दिसेल, तो निवडू नका, कारण तो इकडे उडालेलं तिकडूनही उडवतो. अपडेट निवडा, आणि बदललेल्या फाइलींची जुनी आवृत्ती राखायचा व्हर्जनिंगचा पर्याय चालू करा. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपीची कमांड वापरणाऱ्यांनीही एमआयआर हा स्विच टाळावा. हे सगळं भाच्याकडे सोपवा, रेडचा उत्साह इथे कामी येईल. फक्त त्याला सांगा, काम झालं की एक खोटं फोल्डर बनवून डिलीट करून दाखव आणि दुसऱ्या डिस्कवरून परत आणून दाखव.

पण तेवढ्याने भागत नाही. तुमची २ टीबीची हार्ड डिस्क पत्रात एका ओळीत येऊन गेली, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली. जुनी सगळी लग्नं तिच्यावर, आणि एकच प्रत. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ चा नियम तुमच्यासारख्यांसाठीच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. पुढचा खर्च करायचा तो ४ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर करा. तिच्यावर जुनी लग्नं आणि दर आठवड्याला चालू कामाची प्रत घ्या, आणि ती मेहुण्यांच्या कपाटात ठेवा. बॅकअपचा विषय त्यांनीच काढला होता. कपाटात ठेवायला हार्ड डिस्कच घ्या, एसएसडी नको. उद्योगाच्या जेडेक मानकानुसार घरगुती एसएसडीने तिचं लिखाणाचं आयुष्य संपल्यावर वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष डेटा टिकवला तरी ती पास होते. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ टिकवते, पण सांगलीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात मी तो प्रयोग करणार नाही.

हे उत्तर वाचणाऱ्या काहींना रेड-१ खरंच हवा असेल. दवाखान्याचं किंवा मेडिकल दुकानाचं बिलिंग, जिथे डिस्क मेली म्हणून अर्धा दिवस बंद ठेवणं परवडत नाही, तिथे तो जरूर करा, वर सांगितलेल्या बॅकअपसकट. विंडोज होममध्ये त्यासाठी कंट्रोल पॅनेलमधलं स्टोरेज स्पेसेस वापरा, त्यातलं टू-वे मिरर. त्यातून ट्रिम एसएसडीपर्यंत जातं, आणि मदरबोर्ड जळला तर दोन्ही डिस्क दुसऱ्या विंडोज पीसीला लावून डेटा वाचता येतो. सी ड्राइव्हसाठी ते चालत नाही. बायोसमधल्या रेडचा मोह शक्यतो टाळा. बायोस अपडेट झालं किंवा बोर्डावरचा सेल उतरला की सेटिंग मूळपदावर येतं आणि सकाळी पीसी "डिस्क सापडत नाही" म्हणतो. आधीच चालू असलेल्या विंडोजखाली बायोसमध्ये एएचसीआय (सुट्या साटा डिस्कसाठीचं नेहमीचं सेटिंग) बदलून रेड केलं तर पुष्कळदा निळा स्क्रीन येतो आणि विंडोज उघडतच नाही. रेड-५ (तीन किंवा जास्त डिस्क आणि त्यावर एक डिस्क गेली तरी डेटा परत काढता यावा असा हिशेब, म्हणजे पॅरिटी) घरच्या पीसीवर एसएसडी जोडून करू नका. ट्रिम झालेली जागा वाचली तर काय परत येईल याची हमी सगळ्याच एसएसडी देत नाहीत, आणि तिथे पॅरिटीचा हिशेब कोसळतो. लिनक्सनेही म्हणूनच रेड-५ मध्ये ट्रिम मुद्दाम सांगितल्याशिवाय चालू होणार नाही अशी व्यवस्था ठेवली आहे.

दोन बारक्या गोष्टी राहिल्या. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालत असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण आहे का बघा आणि ते चालू ठेवा, नाहीतर साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या. घरगुती एसएसडीत अचानक वीज गेली तर हातातलं लिखाण पूर्ण करायची सोय सहसा नसते. आणि कार्डं. रात्री दोन वाजता घरी आल्यावर कार्ड एका डिस्कवर उतरवून लगेच दुसऱ्या दिवशीच्या साखरपुड्यासाठी फॉरमॅट करायची सवय बऱ्याच जणांना असते. दोन डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हे असिस्टंटलाही सांगून ठेवा.